पुराच्या रेघा पुसून घर विकावं का?

सांगलीच्या गावभागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 67, निवृत्त शिक्षिका. कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर सासऱ्यांनी घेतलेलं जुनं दुमजली घर. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वर माडी, मागं परडं. पतीचं निधन होऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्यात, मुलगी कोल्हापुरात. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत घरात पाणी आलं. दर वेळी पाणी ओसरल्यावर यजमानांनी सोप्याच्या भिंतीवर रेघ ओढून शेजारी साल लिहिलं. 2005 ची रेघ गुडघ्याला लागते, 2021 ची कमरेला, 2019 ची छातीच्या वर. मुलाचं म्हणणं असं की पुढच्या पावसाळ्याआधी घर विकून आईनं पुण्याला यावं. त्याआधी खालचा मजला ऑइलपेंटनं रंगवून रेघा पुसाव्यात आणि पुराचं आपणहून कोणाला सांगू नये. ताई लिहितात, "खोटं बोलायला जीभ रेटत नाही, नदी सोडायला मन होत नाही, आणि पुन्हा पुरात एकटी अडकायची हिंमतही उरलेली नाही. घर कसं तयार करू? आणि इथले उरलेले महिने रडत न बसता कसे घालवू?"

ताई, नमस्कार.

घर विकायचं का, नदी सोडायची का आणि पुण्याला जायचं का, असे तीन वेगळे प्रश्न तुमच्या पत्रात एकत्र आलेत. मुलानं ते एका दमात सांगितले आणि तुम्हीही तसेच घेतलेत. पण घर विकलं म्हणून नदी सुटत नाही, आणि घर विकलं म्हणून पुणं गाठावंच लागतं असंही नाही. म्हणून एकेक घेऊ.

घर विकावं, असं माझं मत आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की पुन्हा अडकायची हिंमत नाही, आणि पत्रातलं ते वाक्य मला सगळ्यात खरं वाटलं. 2019 ला, सांगलीत कृष्णेची पातळी मोजतात त्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी आहे 45 फूट. कोयनेतून येणारं पाणी एका बाजूला, आणि सांगलीच्या लगेच खाली हरिपूरला मिळणारी वारणा दुसऱ्या बाजूला. दोघी एकाच वेळी भरून आल्या की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही आणि फुग, म्हणजे तुंबलेलं पाणी, मागं गावात चढते. तुम्ही घरात कितीही तयारी केलीत तरी हे तुमच्या हातात नाही. शिवाय पुराचे चार दिवस निघून जातात, पण नंतरचा चिखल, कुजलेलं धान्य, फुगलेली कपाटं, महिनोन्‌महिने न सुकणाऱ्या भिंती, हे सगळं उपसायला घरात दुसरं माणूस लागतं. यजमान होते तेव्हा तुम्ही तीनदा ते केलंत. आता ते एकटीनं करायला नको, असं वाटण्यात घराशी बेइमानी कुठेच नाही.

आता रेघांचं.

रेघा दिसल्या तर भाव पडेल, हे मुलानं गृहीत धरलंय. पण गावभागात घर बघायला येणारा माणूस कोण असेल, याचा विचार करा. सांगलीतला कोणीही गिऱ्हाईक घरात पाऊल टाकायच्या आधी विचारतो, "इथं किती फुटाला पाणी लागतं?" नदीकाठच्या प्रत्येक घराला हा आकडा तोंडपाठ असतो. तुमच्या घरचा तुम्ही पत्रात लिहिलायच : आयर्विनला 52 फूट झाले की पाणी पायरीला लागतं. त्याला हे तुमच्याकडून कळलं नाही तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून कळेल. मग ताज्या रंगाच्या वासानं त्याला एवढंच समजेल की ही बाई काहीतरी लपवतेय. त्यानंतर तुम्ही छप्पर, पाया, वायरिंग यांबद्दल जे खरं सांगाल त्यावरही तो विश्वास ठेवणार नाही.

कायदाही इथं तुमच्या जिभेच्या बाजूनं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 याच्या 55 व्या कलमानुसार, मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नेहमीच्या चौकशीत कळणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. गावभागात पूर येतो हे जगजाहीर आहे, असं म्हणून एखादा वकील यातून वाट काढेलही. पण पाणी छातीच्या वर आलं होतं त्याची खूण मुद्दाम रंगवून बुजवली, हे पुढं सिद्ध झालं तर ती बाजू लंगडी पडते. सत्तरीच्या तोंडावर कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावील असं काही करू नका.

तर रेघा ठेवा. नुसत्या ठेवू नका, त्यांच्या शेजारी बसून गिऱ्हाइकाशी बोला. कुठल्या साली पाणी कुठून शिरलं, आधी परड्याकडच्या गटारातून आलं की समोरच्या बोळातून, किती दिवस टिकलं, उतरताना काय खचलं, काय टिकलं. भिंती उभ्या राहिल्या, सागवानी खांब आणि तुळया हलल्या नाहीत, माडी तिन्ही वेळा कोरडी राहिली, हेही त्या रेघाच सांगतात. पाहणाऱ्याला धोका किती आहे ते मोजता आलं की तो त्याप्रमाणे भाव करतो. मोजता आलं नाही तर तो भीतीपोटी भाव पाडतो किंवा उठून जातो.

रंगाआधी एक गोष्ट ठरवायला हवी, आणि इथं बरीच घरं चुकतात : हे घर घेणार कोण? जागेसाठी घेणारा असेल तर तो घर पाडणार. त्याला तुमच्या भिंतींशी घेणं नाही. तो बघणार निळी आणि लाल पूररेषा. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नव्या बांधकामाला मनाई असते, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी मिळू शकते. तुमचा प्लॉट यात कुठं बसतो हे महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्या. तो कागद हातात आला की कुणाशी बोलायचं आणि किती मागायचं, हे तुमचं तुम्हालाच कळेल. तोवर रंगाऱ्याला एक रुपया देऊ नका.

दुसरा घेणारा म्हणजे राहायला येणारं कुटुंब. असं कुटुंब बहुतेक वेळा त्याच पेठेतलं असतं. दोन भावांचा संसार एका घरात मावेनासा झालेला, पण देऊळ, शाळा, दुकान सोडवत नाही असं. पूर त्यांनीही तुमच्याइतकाच पाहिलेला असतो. म्हणून एजंटकडे जाण्याआधी चार घरं सोडून राहणाऱ्यांना विचारा. ओळखीत विकायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण अशा घराला सर्वात जाणता गिऱ्हाईक तिथंच भेटतो. एजंट लागलाच तर त्याची टक्केवारी आधी ठरवून घ्या, आणि घराची माहिती त्यानंही तुमच्यासारखीच खरी सांगायची हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

राहायला येणाऱ्यासाठी घर तयार करायचं तर खर्च ओलीवर करा, दिसण्यावर नको. तुम्ही लिहिलंय की खालच्या भिंतींना लोणा, म्हणजे पांढरा खार, लागलाय आणि पोपडे पडतात. त्यावर ऑइलपेंट मारला तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात रंग फुगून सोलून निघतो. सिमेंटचा घट्ट गिलावाही जुन्या विटांच्या भिंतीला तसाच त्रास देतो. सुटलेला गिलावा खरवडून काढा, भिंत उघडी ठेवून उन्हाळ्याची झळ लागू द्या, पांढरी भुकटी कोरड्या ब्रशानं झाडत राहा, मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल. वाड्यांची आणि देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे चौकशी करा. सोप्यातली रेघांची पट्टी तेवढी तशीच सोडायला सांगा, नाहीतर गवंडी उत्साहात तीही खरवडून टाकायचा.

विजेचे बोर्ड अजून गुडघ्याएवढ्या उंचीवर असतील तर ते वर घ्या. मीटरही. खर्च फार नाही, आणि घर पुराला सरावलेलं आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं. सांडपाण्याच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, कारण नदीचं पाणी दारातून यायच्या आधी न्हाणीच्या मोरीतून वर येतं. खांबांना वाळवी आहे का हे सुताराकडून ठोकून बघा. कौलं फेरून घ्या. बाकी स्वयंपाकघरात नव्या फरशा, फॉल्स सीलिंग, असलं काही करू नका. घेणारा ते त्याच्या आवडीनं पुन्हा करतोच.

माडीवरचं सामान हा वेगळा विषय आहे. तिथं तीन पुरांतून वाचवलेलं सगळं कोंबलंय, असं तुम्ही लिहिलंत. घराची सगळ्यात मोठी जमेची बाजू ती कोरडी माडी आहे आणि तीच दिसत नाही! आधी ती मोकळी करा. पितळेची मोठी भांडी, पाट, पुस्तकं यांतलं काय हवं ते मुलगा, मुलगी आणि नणंद या तिघांना एकाच दिवशी बोलावून निवडू द्या. फोनवर विचारलंत तर सगळेच "राहू दे, बघू" म्हणतात.

आणि नणंदेचं नाव आलंच आहे तर कागदांकडे येऊ, कारण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी अडचण रंगात नाही, इथं दिसते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. म्हणजे हे घर आज फक्त तुम्ही आणि मुलगा मिळून विकू शकत नाही. सासऱ्यांची मुलगी म्हणून नणंदेचा हक्क लागतो. यजमानांच्या वाट्याला तुमच्याबरोबर मुलगा आणि मुलगी दोघांचा हक्क लागतो. दर गणपतीला इचलकरंजीहून येणाऱ्या नणंदेला कोणी विचारलंय का? कोल्हापूरच्या मुलीचं मत पत्रात एका ओळीतही नाही. तिला काय वाटतं?

हक्कसोडपत्र करायचं असेल तर ते नोंदणीकृतच लागतं. पण "सही करून टाका" असं गृहीत धरून कागद पुढं ठेवू नका. ज्यांना वाटा हवा त्यांना तो मागता येईल अशा रीतीनं एकदा सगळ्यांना बसवा. नणंद कदाचित काहीच मागणार नाही. पण न विचारता गेलं तर माहेर तुटल्याचं दुःख तिला तुमच्यापेक्षा जास्त होईल, आणि ते रास्त असेल. मग वारसनोंद करून घ्या. पुरात जुनं खरेदीखत भिजून गेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. घरपट्टी, पाणीपट्टीच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पाकिटात आणि ते पाकीट माडीवर. हे सगळं व्हायला महिने लागतात, म्हणून सुरुवात इथून करा. वारसनोंद होईपर्यंत कोणाकडूनही इसार घेऊ नका.

कराचं थोडक्यात. घर 2001 पूर्वीचं असल्यानं 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य धरून नफा काढता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर नफ्यावरच्या करात सूट मिळते. वाटे वेगळे असतील तर हिशेबही प्रत्येकाचा वेगळा. चार्टर्ड अकाउंटंटकडे खरेदीखताच्या आधी जा, नंतर नको.

"दुसरं राहतं घर" म्हटलं की पुण्याचा प्रश्न येतो. पुण्याला जायला तुमचं मन तयार आहे, असं मला पत्रात कुठेही दिसलं नाही. मुलावर प्रेम आहे, नातवंडांची ओढ आहे, हे दिसलं. पण रोज पहाटे घाटावर जाणं, गणपतीच्या देवळात बसणं, तीस वर्षं शिकवलेल्या मुलींनी रस्त्यात थांबवून "बाई" म्हणणं, हे पुण्याच्या सातव्या मजल्यावर कोण देणार? सांगलीतल्याच विश्रामबागेचा भाग गावभागापेक्षा उंचावर आहे. तिथं किंवा मिरज रस्त्याला लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलात, तर पुराची भीती जाते आणि रिक्षानं थोड्या वेळात नदी हाताशी राहते. आणखी काही वर्षांनी तब्येतीनं साथ दिली नाही तर पुण्याचा विचार तेव्हा करता येईल. विक्रीच्या पैशांतला काही भाग मात्र कुणाच्याही कर्जात किंवा फ्लॅटच्या हप्त्यात न घालता तुमच्याच नावावर ठेवा. मुलगा चांगला आहे, तरीही ठेवा.

घाटाजवळ राहत असाल, ओढ्याकाठी असाल, घर विकताय किंवा नुसतं भाड्यानं देताय, वरचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू आहे. पुढचं मात्र या ताईंसाठी.

उरलेले महिने कसे घालवायचे, असं तुम्ही विचारलंत. रडू आलं तर रडा, पण नदीकडे पाठ करून घर आवरत बसू नका. माझी एक शंका आहे : तीन पुरांनंतर तुम्ही घाटावर जाणं कमी केलंत ना? पत्रात नदीचा उल्लेख येतो तो सगळा पाण्याच्या पातळीचा. पण कृष्णा वर्षातले बहुतेक महिने शांतच असते, आणि आत्ता, दिवाळीनंतर, पाणी निवळलंय. पुन्हा सकाळी उतरायला लागा. गुडघ्यांना पायऱ्या झेपत नसतील तर वरच्या टप्प्यावर बसा. हरिपूरच्या रस्त्याला एकदा कोणाला तरी घेऊन जा, चिंचांच्या सावलीतून संगमेश्वरापर्यंत. वारणा कृष्णेला मिळते ती जागा हिवाळ्यात बघा. ज्या संगमानं तुमच्या सोप्यात पाणी आणलं तो तेव्हा इतका उथळ आणि निवांत असतो की मनातली भीती जरा सैल पडते. नातवंडांना मे महिन्यात नदीकाठची वांगी खायला घाला. पावसाळ्यापर्यंत घर विकलं गेलं नाही तर होड्यांच्या शर्यती बघा, सांगलीवाडीच्या बाजूनं आरडाओरडा करत. भाद्रपदात चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसणारा चोर गणपती बसल्यावर देवळात जा, आणि पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनाला नणंदेला बरोबर घ्या.

पुढच्या पावसाळ्याआधी विकायचंच, ही मुदत मुलानं घातलीय. पावसाळ्यात गावभागात घर बघायला फारसं कोणी फिरकत नाही हे खरं, म्हणून माघ ते वैशाख हा दाखवायचा चांगला काळ. पण वारसनोंद झाली नाही, योग्य भाव आला नाही, तर एक पावसाळा आणखी गेला म्हणून काही बिघडत नाही. घाईनं पाडून दिलेला भाव परत येत नाही. फक्त पाणी चढायला लागलं की त्या घरात थांबायचं नाही, एवढंच.

मुलाबद्दल एक सांगते. रेघा पुस, कोणाला सांगू नको, लवकर ये, असं तो म्हणतो ते तुम्हाला व्यवहारी आणि थोडं कोरडं वाटलं. पण 2019 ला तुम्ही दोघं दोन दिवस माडीवर अडकला होतात, फोन बंद होता आणि तो पुण्यात टीव्हीसमोर बसला होता, असं तुम्हीच लिहिलंय. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटून माणसं बुडाली. ती बातमी त्यानं आईवडिलांचा पत्ता नसताना ऐकली असणार. त्या भिंतीवरची सगळ्यात वरची रेघ तुमच्यासाठी यजमानांच्या हातची आहे. त्याच्यासाठी ती त्या दोन दिवसांची आहे. त्याला ती नजरेसमोर नकोय, असं मला वाटतं. पैशांची चर्चा करण्याआधी त्याला विचारा, त्या दोन दिवसांत तू काय केलंस? बहुधा हे त्याला अजून कोणी विचारलेलं नाही. आणि विक्री ठरली की भिंतीवरच्या त्या पट्टीचा एक चांगला फोटो काढून घ्या. गिऱ्हाइकाला ती ठेवायची की नाही हे त्याचं तो ठरवील.

आता घर विकेपर्यंतची शेवटची तयारी, ही आजच करा. आयर्विनला इशारा पातळी 40 फूट आहे. तुमच्या पायरीला पाणी 52 ला लागतं म्हणून तोवर थांबायची सवय यजमानांच्या काळात पडली असेल. एकटीनं राहताना ती मोडा. पाणी 35 फुटांवर गेलं आणि धरणांतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच दिवशी, उजेड असताना, कागदांचं पाकीट, औषधं आणि चार साड्या घेऊन मुलीकडे किंवा विश्रामबागेतल्या मैत्रिणीकडे निघायचं. मुलीकडे जाणार असाल तर आणखी लवकर, कारण कोल्हापूरचा रस्ताही पाण्याखाली जातो. किती फुटाला निघायचं तो आकडा मुलाला, मुलीला आणि शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी "अजून थोडं बघू" असं तुम्ही म्हणालात तरी कोणी ऐकणार नाही.